खर्जाचा जीव

आमच्या शाळेत दिवसाची सुरुवात गाण्यानं होते आणि शेवट हात धुण्यानं. पहिला तास संगीताचा, रोज, सगळ्या वर्गांना. मग मुलं आपापल्या कामाला लागतात. पुस्तकं आहेत, पण ती कामाच्या मागून येतात. चौथीला गुणाकार आला तो कोंबड्यांचं खुराडं बांधताना. पाचवीनं गळका नळ दुरुस्त करता करता पाण्याचा दाब शिकून घेतला. त्या दिवशी भिजायचं कुणी राहिलं नाही, मुख्याध्यापकसुद्धा. मी कार्यशाळा बघते. लाकूड, सरस, कानशी, पॉलिशपेपर. संगीत माझा दादा शिकवतो.

सकाळी देवापुढे दिवा लावून एक पान वाचायचं आणि संगीताचा तास संपेपर्यंत बोलायचं नाही, असा माझा नेम आहे. मुलांना त्याची सवय झाली आहे. "बाईंचं दुकान अजून उघडलं नाही," असं एकमेकांना सांगून ती माझ्याकडची कामं तासानंतरवर ढकलतात. न बोलता बसलं की ऐकू जास्त येतं, एवढंच.

त्या वर्षी सहावीनं तंबोरा करायला घेतला. वाळलेला मोठा भोपळा मिळाला, तो कापून आतून खरवडला.

"ह्याचं डोकं माझ्यासारखं आहे," एकजण म्हणाला.

"रिकामं?"

"नाही गं, बियांनी भरलेलं."

दांडी जोडली, खुंट्या बसवल्या. तारा ज्या रुंद पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. ती घासायलाच कितीतरी आठवडे लागले. एके दिवशी दादा कार्यशाळेत आला आणि आपल्या जुन्या तंबोऱ्यावर त्यानं मुलांना एक गंमत दाखवली. तार छेडली तर ती नुसतीच टंग करून थांबली. मग घोडी आणि तार यांच्यामध्ये त्यानं सुताचा बारीक दोरा घातला आणि हलक्या हातानं सरकवत नेला. एका जागी तार एकदम उघडली. खोलीभर गुंजारव झाला.

"ह्या दोऱ्याला काय म्हणतात माहीत आहे? जीव."

मुलांना हे फारच आवडलं. दिवसभर कुणी कुणाचा जीव सरकवत होतं, कुणाचा हरवला होता.

"सर, आपल्या तंबोऱ्यात जीव कुणी घालायचा?" टकळीनं विचारलं. ही मुलगी टकळीवर सूत कातते, म्हणून तिला टकळी म्हणतात, असं तिचं म्हणणं. खरं कारण तिच्या शेजारी बसणाऱ्याला विचारावं.

"ज्याचा तंबोरा, त्याचा जीव," दादा म्हणाला. "दुसऱ्याच्या जिवावर गाता येत नाही, बाळा."

त्याच्या गळ्यात तेव्हा मळकट सुती मफलर होता आणि त्याला खोकला होता. वहिनी रोज डॉक्टरांकडे चला म्हणायची, तो रोज उद्यावर टाकायचा. एका सकाळी सभागृहात षड्ज लावून उभा असताना तो मध्येच थांबला. मुलांना वाटलं, दम घेतोय. तो भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला, आणि बसल्यावर त्याला उठता येईना.

न्यूमोनिया. दोन्ही फुफ्फुसं. दवाखान्यात त्याच्या घशात नळी घातली आणि यंत्र लावलं. डॉक्टरीणबाई शांत होत्या, आणि त्याचीच मला भीती वाटली. "यंत्र आधार देतंय," त्या म्हणाल्या, "पण श्वास त्यांचा त्यांनीच ओढायला हवा. वाट बघू या." आम्ही घरात तिघंच: दादा, वहिनी आणि मी. वहिनी तिथेच राहिली. मी शाळा सुटली की जायची. सकाळी मात्र शाळेत जायची, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

सर बरे होऊन येतील तेव्हा तंबोरा तयार असायला हवा, असं सहावीनं ठरवलं. त्यांनी तारा चढवल्या. टकळीनं चारही तारांना दोरे घातले. पहिल्याच फटक्यात खर्जाची तार, म्हणजे सगळ्यात जाड आणि सगळ्यात खालच्या सुराची, अशी काही घुमली की मुलं गप्प झाली. शिकाऊ हातांनी एवढी चांगली लागत नाही.

दादाच्या जागी एक तरुण गायक आले. भला माणूस. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं, नवे सर.

सभागृहात उंच खिडक्या आहेत, लाकडी जमीन आहे. मुलं यायच्या आधी मी तिथे जाऊन बसते. तंबोरा कोपऱ्यात, कापडी गवसणीत उभा. त्या सकाळी मला वाटलं, लांब कुठेतरी पंप चालू आहे. बारीक घुमल्यासारखा आवाज. वाढायचा, उतरायचा. मी खिडक्या लावल्या. पंखे बंदच होते. जमिनीला तळहात लावून पाहिला, थरथर नव्हती. मग गवसणी काढली.

खर्जाची तार हलत होती. दिसेल न दिसेल एवढीच.

मी कार्यशाळेतली बाई आहे. तार वाऱ्यानं वाजते, दुसऱ्या आवाजाच्या धक्क्यानं वाजते, हे मीच मुलांना शिकवते. म्हणून तंबोरा उचलून मी कार्यशाळेत नेला, लाकडाच्या भुशाच्या पोत्यावर आडवा ठेवला, दार लावलं. आवाज थांबला नाही. वर चढताना मध्ये एकदा लहानसा अडखळायचा, मग पुढे जायचा.

ती अडखळ मला माहीत होती. लहानपणी आम्ही दोघं एका खोलीत झोपायचो. दादा श्वास घेताना मध्ये एकदा अडखळतो. आई म्हणायची, उंबऱ्याला ठेच लागल्यासारखा.

मी तंबोरा पुन्हा जागेवर नेऊन ठेवला. कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार?

पुढे काही दिवस तसेच गेले. दादाचं तिकडे वर नाही, खाली नाही. सकाळी मी तारेजवळ बसायची, आणि ऐकू आलं की मला बरं वाटायचं. बरं वाटायचं हेही खरंच आहे.

मग एका सकाळी तास सुरू व्हायच्या आधी नवे सर तंबोरा मांडीवर घेऊन बसले. "खर्ज जरा जास्तच बोलतोय," ते म्हणाले. "जीव काढून पुन्हा बसवतो." मी हात वर केला. नेम होता, तोंड उघडलं नाही. त्यांना वाटलं, मी नमस्कार केला. त्यांनी हसून मान लववली आणि दोरा ओढून काढला.

तार मुकी झाली.

माझा फोन वाजला. तेवढ्या दिवसांत मी तास चालू असतानाही फोन घ्यायची, नुसतं ऐकायची, हे वहिनीला ठाऊक होतं. "वन्सं," ती म्हणाली, "श्वास थांबलाय हो त्यांचा. यंत्र ओरडतंय. सगळे धावत आलेत, मला बाहेर काढलं..."

फोन कानाला धरूनच मी नव्या सरांच्या हातातून दोरा घेतला. तारेखाली घातला, सरकवला. एकदा चुकला. पुन्हा सरकवला. तार छेडली.

"थांबा," वहिनी म्हणाली. "थांबा हं. काचेतून दिसतंय, आत काहीतरी... आला. वन्सं, आला. डॉक्टर मान डोलावतायत."

नवे सर माझ्याकडे बघत राहिले. "चुकलं का माझं काही?" त्यांनी विचारलं. मी मानेनंच नाही म्हटलं. त्यांचं खरंच काही चुकलं नव्हतं.

तास संपल्यावर मी टकळीला कार्यशाळेत बोलावलं.

"खर्जाला कुठलं सूत घातलंस?"

ती म्हणाली, "सरांच्या मफलरचं. तो सभागृहातल्या खुंटीवर राहिला होता. टोकाचे दोन धागे काढले आणि पीळ दिला. मफलर खराब नाही केला, बाई."

"पण का गं?"

"सरच म्हणाले होते ना, ज्याचा तंबोरा त्याचा जीव. आम्ही सरांसाठी केला, मग तंबोरा सरांचाच ना?"

मफलर आता खुंटीवर नव्हता, दादाच्या बाकी सामानाबरोबर कुणीतरी तो दवाखान्यात पोचवला होता, म्हणून तिथे गेल्यावर मी वहिनीला मागितला. तिच्याकडेही तो नव्हता. तिथल्या धावपळीत ते सामान कुठे गेलं ते कुणालाच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तास झाल्यावर टकळीच मला शोधत आली. "बाई, लवकर चला. जीव सुटायला लागलाय."

तिनं पीळ म्हणायचं ते जीव म्हटलं. सभागृहात गेले तर सहावी तंबोऱ्याभोवती कोंडाळं करून उभी होती. खर्जाखालच्या दोऱ्याचा पीळ उलगडला होता. दोन धाग्यांतला एक तुटून लोंबत होता आणि दुसऱ्याचे तंतू सुटू लागले होते. तारेची थरथर त्याला कापत होती. आवाज अडखळत येत होता, आता एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

आमच्या शाळेत मोठ्यांनी उत्तर सांगायचं नाही, प्रश्न विचारायचा, अशी रीत आहे. मला उत्तर माहीतही नव्हतं. घरी जाऊन दादाचा सदरा आणायला वेळ नव्हता.

"हा तुटणार," मी म्हटलं. "काय करायचं?"

"दुसरा घालायचा."

"कुणाचा?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग तो बियांच्या डोक्याचा मुलगा म्हणाला, "टकळे, तुझं गणितच चुकलंय. सरांसाठी केला म्हणून सरांचा कसा? केला कुणी?"

"आपण."

"मग तंबोरा आपला. सरांना आपण तो देणार. अजून कुठे दिलाय?"

कुणी काही ठरवलं नाही. एका मुलीनं बाहीचा धागा ओढला. मग दुसऱ्यानं मोज्याचा, तिसऱ्यानं दप्तराच्या पट्ट्याचा. "अरे, माझं बटण गेलं," कुणीतरी म्हणालं, आणि हसणं आलं तसं विरलं. मी माझ्या सुती शालीचा एक धागा काढून दिला. कार्यशाळेत हात माझेही लागले होते. टकळी जमिनीवर बसली आणि सगळे धागे बोटांत धरून तिनं टकळी फिरवली. ती एक शब्द बोलली नाही.

दोरा जाडसर झाला. मेण लावून तो मी घट्ट ओढला.

जुना तसाच ठेवून नवा दुसऱ्या बाजूनं घालायचा होता. तार किंचित उचलावी लागणार होती. ती नव्या सरांनी उचलली, काही न विचारता.

मी नवा दोरा आत घातला.

जुना तुटला.

तार बंद पडली. सभागृहात काहीच ऐकू येईना. एवढी मुलं, पण कुणाच्या श्वासाचाही आवाज नव्हता.

मी दोरा सरकवला. मुकी. आणखी थोडा. मुकी.

मी देवाचं नाव घेतलं आणि केसभर सरकवला.

खर्ज उघडला. कुणी छेडला नव्हता. आवाज वर चढला, सरळ, कुठेही न अडखळता, आणि सावकाश उतरला. मुलांनी एकदम श्वास सोडला. टकळी रडायला लागली आणि रडता रडता बोलायलाही लागली, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं.

फोन आला तेव्हा मी तिथेच जमिनीवर बसले होते.

"डोळे उघडलेत," वहिनी म्हणाली. "नळी काढा म्हणून खुणा करतायत. डॉक्टरीणबाई म्हणतात, आपलं आपण ओढतायत छान. वन्सं, माझ्या जिवात जीव आला."

दादा घरी आला. काठी घेऊन घरातल्या घरात फिरू लागला, डाळीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरू लागला. वहिनी म्हणाली, "आजारीच बरे होते," आणि पुन्हा वाटी भरून वाढली. रात्री भिंतीपलीकडून मी त्याचा श्वास ऐकला. शांत होता. बऱ्याच दिवसांनी मला गाढ झोप लागली.

तो शाळेत आला त्या दिवशी सहावीनं तंबोरा त्याच्या हातात दिला. त्यानं तार छेडली, कान लावला आणि म्हणाला, "कुणी लावला हा जीव? मला नसता एवढा चांगला लावता आला." मुलांची छाती फुगली. देऊन झाल्यापासून तंबोरा आपण होऊन कधी वाजला नाही. मी रोज सकाळी ऐकून बघते. साधा, चांगला तंबोरा आहे.

दुपारच्या सुट्टीत मी आणि नवे सर ओसरीच्या बाकावर बसलो होतो. अंगणात शाळाभरची मुलं पकडापकडी खेळत होती. समोरच्या जिन्यानं दादा वर निघाला. आता काठीही नव्हती त्याच्याजवळ. शेवटच्या पायरीवर मात्र तो कठडा धरून थांबला. धाप लागली होती. एवढ्या आजारानंतर ते होणारच.

अंगणात पाचवी पळत होती, सातवी पळत होती. सहावीची मुलं जिथल्या तिथे थांबली होती. कुणी झाडाजवळ, कुणी नळापाशी. गुडघ्यांवर हात टेकून, माना खाली घालून. टकळीचं वाक्य अर्ध्यावर राहिलं होतं.

वर दादानं सुस्कारा टाकला आणि तो दाराआड गेला. मुलं पुन्हा पळू लागली. टकळीनं वाक्य राहिलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

"बाई," नवे सर माझ्याकडे वळून म्हणाले, "पाणी आणू का? बसल्या बसल्या एवढी धाप कसली लागली तुम्हाला?"