खिडकीसमोर विणलेलं जाळं

तिची चप्पल त्याच्या जाळ्यात अडकली, तो मासेमारीबंदीचा पहिला दिवस होता. धक्क्यावर नवी तपासनीस रुजू झालेली, हातात मोजपट्टी, चेहऱ्यावर सगळा कायदा — आणि तिसऱ्याच पावलाला पाय जाळ्यात!

"हलू नका," तो गुडघ्यावर बसत म्हणाला. "ओढलंत तर चप्पल तुटेल."

"आणि जाळं?"

"त्याला कुठे घाई आहे… बंदी उठेपर्यंत घरीच आहे."

माशांच्या विणीचा हंगाम, त्यामुळे होड्या किनाऱ्यावर आणि जाळ्यांची दुरुस्ती जोरात. विणताना शीळ घालायची सवय म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणत. दुसऱ्याच दिवशी त्याने जाळं उचलून नेमकं तिच्या कार्यालयाच्या खिडकीसमोर पसरलं. "इथे सावली बरी पडते," असं त्याने आत्याला सांगितलं. होडी त्याची आणि आत्याची निम्मी-निम्मी. आत्याने इकडेतिकडे पाहिलं, पण तिला सावली काही सापडली नाही.

शीळ आत यायची आणि तिचं कामातलं लक्ष उडायचं. ती खिडकीशी आली की शीळ थांबायची, हात मात्र चालूच.

"अरे, जाळ्याकडे बघ," आत्या म्हणायची. "आपल्याला खिडकी विणायची नाहीये."

त्याच्या शंकाही संपत नसत.

"मॅडम, बंदीत गळ टाकला तर?"

"दंड."

"हौसेखातर टाकला तर?"

"हौसेलाही दंड."

"आणि नुसतं पाण्याकडे बघत बसलं तर?"

"बघायला बंदी नाही."

"मग बरं आहे," तो म्हणाला आणि पाण्याकडे ढुंकूनही न पाहता तिच्याकडे बघत राहिला. त्या दिवशी ती घरी गेली ती हसतच. आईने कारण विचारलं, तर तिला धड सांगताही येईना.

बघता बघता बंदीचा शेवटचा दिवस उजाडला. धक्क्यावर नुसती धांदल. उद्या पहाटे सगळ्या होड्या सुटणार, पहिल्या मासळीला भाव सगळ्यात चांगला. पण जाळं तपासून त्यावर सील लागल्याशिवाय एकही होडी हलणार नव्हती.

शिट्टीच्या जाळ्यात ती पट्टी घालून बघत गेली. पास, पास… आणि पट्टी अडली. शेजारच्या आसातही, म्हणजे जाळ्याच्या भोकातही, अडली. पिल्लांना निसटून जाता यावं म्हणून आस ठरावीक मापाचा हवा, आणि इथे तर अख्खा पट्टाच बारीक विणला होता.

"हा भाग कुठे विणलात?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तुमच्या खिडकीसमोर. लाकडी माप मांडीवरच राहिलं… लक्ष दुसरीकडे होतं."

आत्याने कपाळाला हात लावला.

तिला वाईटही वाटलं आणि आनंदाच्या उकळ्याही फुटल्या. डोळेझाक केली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"नापास," ती कशीबशी म्हणाली.

"बरोबर आहे." त्याने गयावया केली नाही, कात्री घेऊन सरळ खाली बसला. "संध्याकाळपर्यंत नवा पट्टा घालतो. फक्त एक करा… खिडकी बंद ठेवा."

तिने खिडकी लावून घेतली. दुपारभर बंद खोलीत ती बाहेरची शीळ ऐकत बसली. आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत, हे तिला त्या दुपारी स्वच्छ कळलं.

दिवेलागणीला शिट्टी आणि आत्या जाळं घेऊन कार्यालयात आली. तिने पट्टी उचलली… आणि परत टेबलावर ठेवून ती कोपऱ्यात बसलेल्या तिच्या वरिष्ठ साहेबांकडे वळली.

"साहेब, हे जाळं तुम्ही तपासा."

आपल्या दुखऱ्या गुडघ्यांना सांभाळत साहेब उठले. "का? काम तर तुमचं आहे."

"जिथे आपला संबंध, तिथे आपण सील लावायचं नाही, असा नियम आहे."

"तुमचा काय संबंध?"

सील लावून घ्यायला रांगेत उभे असलेले सगळे माना वळवून पाहू लागले. तिने शिट्टीकडे पाहिलं.

"अजून काही नाही. पण व्हावा, अशी माझी इच्छा आहे… यांची हरकत नसेल तर."

शिट्टीच्या हातातलं जाळं निसटून पायावर पडलं. "हरकत?" तो जाळं तसंच ओलांडून पुढे आला. "नाही… अजिबात नाही."

"साहेब, नीट मोजा हो," आत्या डोळे पुसत म्हणाली. "घरचा मामला म्हणून सूट नको."

साहेबांनी नवा पट्टा अगदी सावकाश तपासला. एकही आस चुकला नव्हता. त्यांनी सील लावलं आणि हसू लपवायला पाठ फिरवली.

पहाटे होड्या सुटल्या, तेव्हा कार्यालयाची खिडकी सताड उघडी होती. ती तिथे उभी होती आणि पाण्यावरून येणारी शीळ आज तिला बघूनही थांबली नाही.