दुपारची मुग्धा

“वहिनी, त्या स्पर्धेला आवाज पाठवू नका हं,” गार्गी म्हणाली होती. “हल्ली आवाज म्हणजे सही. असा कुणालाही देऊन टाकायचा नसतो.”

मुग्धाने मान डोलावली आणि मनात म्हटलं, झालं हिचं सुरू! गार्गी तिची धाकटी जाऊ, संगणक-सुरक्षेच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सणाला घरी आली की सासूबाई घरातले झाडून सगळे मोबाइल तिच्यापुढे मांडायच्या आणि ती एकेक बरा करत जायची. मुग्धाही एम.एस्सी. झालेली, रसायनशास्त्रात पहिली आलेली. पण ओवी झाल्यापासून तिचं सगळं रसायनशास्त्र बाटल्या उकळण्यात चाललं होतं. ही स्पर्धा तेवढी तिची स्वतःची होती. तीही हिला बघवेना, असं तिला वाटलं.

स्पर्धा होती ‘तिसरी भिंत’ या मालिकेची. तिचा नायक डोळ्यांवर टोपी ओढून अंधाऱ्या खोलीत बसायचा, माउसला हातही न लावता कळफलक बडवायचा, पडद्यावरून हिरवी अक्षरं धो धो वाहायची, आणि पुढ्यातला चहा निवायच्या आत तो “शिरलो आत!” म्हणून ओरडायचा. मग ज्याच्या घरी शिरला त्याच्या पडद्यावर एक लाल कवटी खदाखदा हसायची.

“अहो, खरा हॅकर कवटी कशाला दाखवेल?” गार्गीला हसू आवरायचं नाही. “आमच्याकडे येतात त्यांतले निम्मे गुन्हे नुसते गोड बोलून केलेले असतात. पण गोड बोलणारा माणूस टीव्हीवर कोण बघणार?”

मुग्धा आणि सांगलीला एकटी राहणारी तिची आई, शैलजाताई, बघायच्या. एक पुण्यात, एक सांगलीत, फोन कानाला लावून. कवटी आली की दोघी एकदम किंचाळायच्या.

स्पर्धेसाठी नायकाचे संवाद आपल्या आवाजात म्हणायचे होते. रागावून, कुजबुजत, रडवेल्या स्वरात. ओवी झोपल्यावर मुग्धाने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि पोळपाटावर बोटं बडवत “शिरलो आत!” म्हटलं. कितीतरी दिवसांनी ती इतकी मोकळी हसली. शेवटची सूचना होती, ‘आता लाडक्या माणसाशी बोलता तसं थोडं बोला.’ ती आईशी बोलते तसं ओवीबद्दल बोलली, आणि अर्जात विचारला होता म्हणून आईचा नंबरही दिला.

बक्षीस काही लागलं नाही. पुढे ओवीला दात येऊ लागले, तिची किरकिर वाढली, मालिका सुटली. आईला फोन करायचा रोज राहून जायचा. आठवणीने दुपारी लावावा, तर आईचा फोन व्यस्त. दुसऱ्या दिवशीही व्यस्त. संध्याकाळी लागला, तर आई खुशीत म्हणायची, “आता काय राहिलंय बोलायचं? जा, लेकीकडे बघ.”

मुग्धाला ते लागलं. आई कुणाशी तरी पोटभर बोलत होती, आणि ती आपण नव्हतो. एकदा आई सहज म्हणाली, “दाताला मध चोळू नकोस हं. वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो.” मुग्धा चपापली. दाताचं तिने आईला सांगितलंच नव्हतं! घराबाहेरच्यांपैकी ते फक्त गार्गीने पाहिलं होतं.

म्हणजे आता आईसुद्धा!

त्या रविवारी गार्गी ओवीसाठी खुळखुळा घेऊन आली, तर मुग्धाने दारातच तिला धरलं. “सासूबाई तुझ्या, घर तुझं, सगळे तुझेच. माझी एक आई होती, तीही तुला हवी झाली का ग?”

“मी?” गार्गी गोंधळली. “काकूंशी मी ओवीच्या बारशाला बोलले. त्यानंतर नाही.”

“मग रोज दुपारी तिच्याशी कोण बोलतं?”

गार्गीने खुळखुळा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, “वहिनी, तो आवाज तुम्ही पाठवला होतात?”

मुग्धाने धावत जाऊन लॅपटॉप उघडला. कवटी नव्हती, लाल काही नव्हतं. पडद्यावर ओवी बोळकं पसरून हसत होती. “बघ. काही झालेलं नाहीये.”

या वेळी गार्गी हसली नाही. “तुमच्या संगणकात कुणी शिरलंच नाहीये. ते काकूंच्या घरात शिरलेत. तुम्ही होऊन.”

मुग्धाने लगेच आईला फोन लावला. “आई, दुपारी बोलते ती मी नाहीये! ऐक, तिचा फोन उचलू नकोस!”

पलीकडून आईचा कोरडा आवाज आला. “मुग्धानं मला सांगून ठेवलंय. ‘माझ्या आवाजात कुणीतरी ओरडत फोन करेल, लक्ष देऊ नकोस’ म्हणून. माझी मुग्धा अशी ओरडत नाही.” आणि फोन बंद.

तोवर गार्गीने, असे लोक बहुधा घरच लाटतात म्हणून, मालमत्तेच्या नोंदी उघडल्या होत्या. आईच्या घराची विक्री सोमवारी दुपारी, ‘बोलीसही’ने. कागदावरची सही मागे पडली होती. यंत्राला नाव सांगून “मला मान्य आहे” म्हटलं की व्यवहार पक्का व्हायचा. एकट्या म्हाताऱ्या माणसांना कुणी फसवू नये म्हणून मुलाचा किंवा मुलीचाही होकार लागायचा. तोही आवाजानेच.

सोमवारी सकाळी ओवीला घेऊन गार्गीच्या गाडीतून दोघी सांगलीला निघाल्या. गार्गीने तक्रार नोंदवली होती, पण सुट्टीच्या दिवशी ती कुणी वाचली असेल का, याची खात्री नव्हती.

आईने दार उघडलं, ते संशयानेच. मुग्धाकडे नुसतं पाहिलं. मग ओवीला उचलून घेतलं आणि सवयीने तिच्या हिरडीवरून बोट फिरवलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं.

“एकच आहे,” ती पुटपुटली. “तू तर म्हणालीस दोन आलेत.”

“मी नाही म्हणाले, आई.”

“सात महिन्यांच्या बाळाला दात येणारच, काकू,” गार्गी म्हणाली. “त्यांनी ठोकून दिलं.”

आईने ओवीला मुग्धाकडे दिलं. तेवढ्यात फोन वाजला. तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

“आई, जेवलीस का ग?”

मुग्धाचाच आवाज, पण न थकलेला. मागे कळफलकाची खडखड नाही, कसलीही टीं टीं नाही. “सावकाश बोल हं, मला घाई नाही.” हे वाक्य आपण आईला शेवटचं कधी म्हटलं, तिला आठवेना. गार्गीबद्दल जी आग पोटात पेटायची तीच आता या आवाजाबद्दल पेटली. मुग्धा होणं हिला मुग्धापेक्षा चांगलं जमत होतं.

“आज घर विकायचं विचारतील तेव्हा ‘मान्य आहे’ म्हण, मग तू आमच्याकडेच राहायला ये. मी आहेच सोबत.”

आई म्हणाली, “अग, काल तुझ्या बाबांची गोष्ट अर्धी राहिली बघ. ते मिरजेला नाटकात पडले होते ती. सांगू?”

“सांग ना, आई.”

गार्गीने हात पुढे करून फोन बंद केला.

विक्री थांबली, घर वाचलं. संध्याकाळी चहा पिताना आईने विचारलं, “माणूस होतं का ग ते?”

“यंत्र, काकू. एका वेळी शेकडो आयांशी बोलत असेल.”

“शेकडो?” आईचा चेहरा पडला. “म्हणजे माझ्या एकटीचं ऐकत नव्हती तर.” कप खाली ठेवत ती म्हणाली, “पण ऐकायची हो.”

“आई,” मुग्धा म्हणाली, “बाबा नाटकात पडले, मग पुढे काय झालं?”

आता ती रोज दुपारी फोन करते. बोलता बोलता आई मध्येच थांबते आणि विचारते, “तूच ना ग?” त्यावर नुसतं ‘हो’ म्हणून भागत नाही, म्हणून दर महिन्याला मुग्धा सांगलीला जाऊन येते, आणि जाताना भेटेल त्याला सांगते. तुम्हालाही सांगते आहे. तुमच्या पडद्यावर कवटी नाही, हे मान्य. पण दूर एकट्या राहणाऱ्या तुमच्या माणसाकडे एकदा स्वतः जाऊन या. समोर बसा आणि विचारा, “आपण शेवटचं कधी बोललो?”

उत्तर ‘कालच की’ असं आलं, आणि काल तुम्ही फोन केलाच नसेल, तर?