पप्पांचा उजवा पाय आणि थंडोबा

आमची गाडी खोटं बोलते की रस्ता, हा प्रश्न त्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरात चकलीपेक्षा जास्त चघळला गेला.

झालं होतं असं. तपासणी केंद्रात गाडी फिरत्या रुळांवर चढवली, जागच्या जागी पळवली आणि शिक्का मारून दिला, एका लिटरमध्ये अठरा किलोमीटर. तीच गाडी, तेच इंधन, पण कोल्हापूरच्या रस्त्यावर उतरली की बाराचीही मारामार. टाकी गळत असेल म्हणून पप्पांनी गाडीखाली जुना पुठ्ठा अंथरून ठेवला. त्यावर इंधनाचा एक थेंब सापडला नाही. एक मांजर तेवढं येऊन झोपलं.

गाडी आमची नव्हती, मातृदुग्धपेढीची होती. मातृदुग्धपेढी म्हणजे, ज्या आयांना आपल्या बाळाला पाजून दूध उरतं त्यांचं दूध गोळा करून, त्यातले जंतू मारून, फार लवकर जन्मलेल्या बाळांना देणारी संस्था. पप्पा शाळेत चित्रकला शिकवतात. सकाळी शाळेआधी घरोघरी जाऊन दूध आणायचं हे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं होतं. माझा धाकटा भाऊ विशू सातव्या महिन्यातच जन्मला, तेव्हा आई खूप आजारी होती आणि विशू पेढीच्या दुधावर जगला. पेढीत तीन-चार आयांचं दूध एकत्र करतात, त्यामुळे कुणाचं दूध विशूच्या पोटात गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. मग आभार मानायचे कुणाचे? पप्पांनी सोपा मार्ग काढला. ते सगळ्यांचेच मानतात. प्रत्येक दारात बाटल्या घेताना हात जोडतात, अर्थात पळता पळता.

आमच्या गावात आता बहुतेक गाड्या बॅटरीवर चालतात. पेढीला दान मिळालेली ही जुनी गाडी मात्र उसापासून केलेल्या इंधनावर चालते, आणि ते इंधन दर आठवड्याला ठरावीक वाट्यानेच मिळतं. त्यामुळे पेढीच्या डॉक्टर शिरगावकर मॅडमनी पप्पांना बोलावून घेतलं.

"चौगुले सर, याही आठवड्यात पाचगावला पोचायच्या आत वाटा संपला," त्या म्हणाल्या. "असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून पाचगावचं घर सोडावं लागेल. मला वाईट वाटतं, पण दुसरा इलाज नाही."

पाचगावला सुरैया मुल्लाणी नावाच्या ताई राहायच्या. आमच्या फेरीतलं ते शेवटचं घर, आणि सगळ्यात जास्त दूध तिथूनच मिळायचं. आम्ही गेलो नाही तर ते दूध ओतून द्यावं लागलं असतं. त्या दिवशी पप्पा घरी जेवले नाहीत. मला माझ्या पप्पांचा इतका राग क्वचित येतो, कारण पुरणपोळी होती आणि त्यांच्यामुळे कुणीच नीट खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी फेरीला सोबत जायला लागले. मागच्या सीटवर मी आणि थंडोबा. थंडोबा म्हणजे दूध गार ठेवणारी, बोलणारी यंत्रपेटी. दप्तराएवढा पांढरा चौकोन, खाली चार चाकं, पुढे तळहाताएवढा पडदा. नाव मीच ठेवलं होतं, कारण फेरी संपली की तो गाडीबरोबर आमच्याच अंगणात असतो. तो बोलतो इतका सावकाश, की त्याचं वाक्य संपेपर्यंत आपली एक जांभई देऊन होते.

पप्पांनी दसरा चौकातून गाडी काढली. माझी पाठ सीटवर आपटली. लगेच पुढचा सिग्नल लाल झाला आणि माझं नाक पुढच्या सीटवर आपटलं.

"हे बघ," थंडोबा म्हणाला. त्याच्या पडद्यावर डोंगरदऱ्यांसारखी एक रेघ उमटली होती. "हा माझा धक्क्यांचा आलेख (वेग किती झटक्याने बदलला ते दाखवणारी रेघ). डोंगर म्हणजे गाडी उसळली. दरी म्हणजे ब्रेक. दूध हिंदकळू नये म्हणून मला हे मोजावं लागतं. तुझ्या पप्पांनी सकाळपासून अख्खा सह्याद्री काढलाय."

"आणि इंधन तिथेच जातं?"

"आधी सांग, इंजिन खातं काय?"

"इंधन."

"आणि हवा. दोन्ही लागतात. ती दोन्ही सिलिंडरमध्ये (इंधन आणि हवा मिसळून पेटतात ते नळकांडं) जातात. मोठ्या इंजिनाचे सिलिंडर मोठे, त्यामुळे काम थोडं असलं तरी त्याची भूक मोठी. आपल्या गाडीचं इंजिन लहान आहे. ते थोडक्यात भागवतं. पण चढ आला, गाडी भरलेली असली, की लहान इंजिनाला धाप लागते. त्यासाठी त्याला टर्बोचार्जर दिलाय (सिलिंडरमध्ये जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा)."

"तो पंखा विजेवर चालतो?"

"नाही. इंधन जळल्यावर गरम वायू जोरात बाहेर पडतात. ते वाटेत एक चाक फिरवतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असतं. ते बाहेरची हवा ओढून आत कोंबतं. वाया जाणाऱ्या वायूंना कुणीतरी कामाला लावलं. ज्याला हे सुचलं त्याचे मी मनापासून आभार मानतो."

मी विचार केला. "म्हणजे ताकद फुकटच मिळाली की. मग इंधन का संपतं?"

"हवा फुकट आहे. पण नुसत्या हवेने ताकद येत नाही. जास्त हवा आत आली, की तिच्या जोडीला जास्त इंधन सोडावं लागतं. परवा शेगडीवर कणसं भाजताना तू पुठ्ठ्याने वारा घातलास. काय झालं?"

"कोळसे लालभडक झाले." मग मला आठवलं. "आणि विशूचं कणीस भाजायच्या आधीच संपले."

"झालं तर. आता पुढचं. टर्बो जोर कधी धरतो? पाय जोरात दाबला की. हलका दाबला तर तो जवळजवळ झोपलेला असतो आणि गाडी लहान इंजिनाच्या भुकेवर चालते. तपासणी केंद्रात तिला तसंच हळुवार पळवतात. तिथे दसरा चौक नाही आणि तुझे पप्पाही नाहीत."

पुढचा सिग्नल हिरवा झाला. पप्पांनी पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही, त्यांनी आणखी दाबला आणि मग गाडीने झेप घेतली.

"पाहिलंस? पंख्याला वेग धरायला थोडा वेळ लागतो. पप्पांना वाटतं गाडी ऐकत नाही, म्हणून ते आणखी दाबतात. मग टर्बो मागितल्यापेक्षा जास्तच देतो. इतकी ताकद घेऊन आपण जातो कुठे, तर पुढच्या लाल दिव्यापर्यंत. तिथे ब्रेक. ब्रेक म्हणजे घासून घासून वेगाची उष्णता करणं. जाळलेलं इंधन चाकांपाशी गरम हवा होऊन गेलं."

म्हणजे गाडीही खरं बोलत होती आणि रस्ताही. मधे पप्पांचा उजवा पाय होता.

"तू इतके दिवस बोलला का नाहीस?" मी चिडून विचारलं.

"मला सगळे एकच विचारतात, दूध गार आहे का. मी सांगतो, आहे."

पेढी ज्या दवाखान्यात आहे, त्याच्या पायऱ्यांपाशी मी पप्पांना सगळं सांगितलं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

"सावकाश चालवू म्हणतीस? आत बाळं वाट बघालीत, नेत्रा."

"आजचं दूध आज कुणीच पीत नाही, सर," थंडोबा म्हणाला. "आधी ते तापवतात. मग तपासायला जातं. जंतू नाहीत असं कळलं की मगच बाळांना. त्याला अजून दोन-तीन दिवस आहेत."

"ते काय मला ठाऊक न्हाई व्हय?" पप्पा म्हणाले, आणि पायरीवर बसले. "विशू काचपेटीत होता तवा एकदा पेढीतलं दूध संपत आलं होतं. सिस्टर म्हणाल्या, येतंय, येतंय. मी त्या फाटकात उभा. समोरनं येणारी प्रत्येक गाडी तीच वाटायची. डोक्याला समदं कळतंय गं. या पायाला न्हाई कळत."

तरी मी बोलले, कारण बोलायलाच हवं होतं. "पण पप्पा, असेच घाईत राहिलो तर पाचगावचं दूध येणारच नाही. मग त्या फाटकात दुसरं कुणीतरी उभं राहील."

ते उठून थंडोबाला आत घेऊन गेले. पण दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर त्यांनी मागे वळून विचारलं, "हं, थंडोबा. किती दाबू?"

"तुम्ही चित्रकलेचे सर. आभाळात फिका रंग भरताना ब्रश जितका टेकवता, तितका."

हे पप्पांना पटकन कळलं. गाडी अलगद निघाली. लांबून लाल दिवा दिसला की ते पाय उचलून घ्यायचे आणि गाडी आपल्याच वेगाने पुढे सरकत राहायची. कधी कधी आम्ही पोचेपर्यंत दिवा हिरवा व्हायचा आणि ब्रेक लावावाच लागायचा नाही. मागचे हॉर्न वाजवायचे. एक काका तर हातवारे करून पुढे निघून गेले, आणि पुढच्या सिग्नलला आमच्याच शेजारी उभे होते. पप्पांनी त्यांना नमस्कार केला. दारात थांबल्यावर इंजिन चालू ठेवायची सवयही थंडोबाने सोडायला लावली. उभी गाडी इंधन पिते आणि जात कुठेच नाही, असं तो म्हणाला. दवाखान्यात पोचायला पूर्वीपेक्षा जेमतेम पाच मिनिटं जास्त लागली.

आठवडा संपला तेव्हा हिशेब निघाला एका लिटरला सोळाच्या वर. अठरा काही झाले नाहीत.

"होणारही नाहीत," थंडोबा म्हणाला. "रस्त्यावर चढ असतात, गर्दी असते, म्हशी असतात. पण आता पाचगाव सुटत नाही."

शिरगावकर मॅडमनी आकडा पाहिला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला. "पाचगाव राहू दे," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून कळलं, की ते घर सोडायचं त्यांच्याही जिवावर आलं होतं.

त्याच सकाळी आम्ही पाचगावला गेलो. पप्पांनी इंजिन बंद केलं. इतके महिने त्या दारात आम्ही फक्त गाडीची घरघर ऐकली होती. आता आतून बाळाच्या हसण्याचा आवाज आला, आणि कुणीतरी मोठमोठ्याने पाढे म्हणत होतं.

सुरैयाताई बाटल्या घेऊन बाहेर आल्या. "भाऊ, गाडी बंद पडली व्हय?"

"न्हाई ताई. बंद केली." पप्पांनी बाटल्या थंडोबाकडे दिल्या आणि दोन्ही पायांवर नीट उभं राहून हात जोडले. "रोज घाईत असतो. आज नीट सांगतो. तुमचे लई उपकार आहेत."

"उपकार कसले? या पोरीला पिऊन उरतंय. थोरल्या अमनच्या वेळीबी दिलं होतं मी, पाच वर्षं झाली. तवा दुसरे भाऊ यायचे न्यायला."

पप्पांचे हात जोडलेलेच राहिले. "पाच वर्षं? कुठल्या महिन्यात?"

"ऑगस्टात की. अमन जूनचा, म्हंजे दोन महिन्यांचा होता."

विशूही त्याच ऑगस्टचा. मग मीच सांगितलं. तो किती लहान होता, आईला दूध नव्हतं, पेढीत सगळ्यांचं दूध एकत्र करतात, सगळं सांगितलं.

सुरैयाताई उंबऱ्यावर बसल्या. "मग पिलं असंल त्यानं. न्हाईतर दुसऱ्या कुणाच्या बाळानं पिलं असंल," त्या हळू म्हणाल्या. "मी नुसती भरून द्यायची. कुठं जातंय, कुणाला जातंय, आजवर कुणी येऊन सांगितलंच न्हाई बघा. कसा हाय आता?"

"दंगा करतोय," पप्पा म्हणाले. "लई दंगा करतोय, ताई."

त्या हसल्या आणि ओढणीने डोळे पुसले. मग म्हणाल्या, आता रविवारी त्याला घेऊनच या, अमनला खेळायला कुणी नाही.

पप्पा गाडीत येऊन बसले, पण किल्ली फिरवायच्या आधी त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ताई, इथनं पुढं गिरगावात कुणी हाय का, दूध देणारी?"

"हाय की. माझी जाऊ. पण तिथवर गाडी कुठं येती, म्हणून तिनं विचारलंच न्हाई."

पप्पांनी मागे पाहिलं. थंडोबाच्या पडद्यावर रस्ता पुढे सरकत गिरगावपर्यंत गेला, थांबला, मग परत दवाखान्यापर्यंत आला.

"पुरेल," थंडोबा म्हणाला. "तिला सांगा, उद्या येतो."