सासूबाईंचे बत्तीस दात

सांगतोय ते तुम्हाला खोटं वाटेल, आणि वाटलंच पाहिजे. कारण इतकी तोंडाळ सासू दुसऱ्या कुणाच्या नशिबी आलेलीच नाही!

“विष कालवतेस माझ्या जेवणात, विष!” असं किंचाळून तिनं ताट भिंतीवर भिरकावलं, आणि सुनेच्या काळजाचं पाणी पाणी झालं... कितीतरी दिवस सासूबाईंच्या जिभेला गोडसुद्धा झोंबत होतं, गालांच्या आत दह्यासारखे पांढरे डाग पडले होते, आणि दोष मात्र सुनेच्या हाताला! बिचारीनं तिखट सोडलं, मसाला सोडला, स्वतःही तेच पचपचीत गिळलं...

नवरा म्हणवणारं बुजगावणं वर गुरगुरलं, “आईला काही झालं, तर बॅग भर आणि माहेरी चालू लाग!”

तरीही सासूला दवाखान्यात नेलं ते सुनेनंच. बुजगावणं मागून आलं, पहारा द्यायला!

डॉक्टरांनी बॅटरी मारली. “ही बुरशी आहे. आजी, जरा कव—”

“डॉक्टर, थांबा!” सून कळवळली. न्हाणीघरात साबणाशेजारी ठेवलेले ते दात तिनं एकदा पाहिले होते. पोटच्या पोरापासूनही कवळी लपवून, या वयात अस्सल बत्तीस म्हणून मिरवणारी ही बया सुनेच्या एका किडक्या दाढेला रोज नाकं मुरडायची! एक शब्द, आणि सुनेचा संसार वाचला असता...

पण ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, तुम्ही बाहेर थांबा. चुकलं माझंच... तिखट मीच घालत होते.”

तो तुच्छतेनं हसून बाहेर गेला.

“जेवणाचा काही संबंध नाही,” डॉक्टर म्हणाले. “कवळी झोपतानाही काढत नाही ना तुम्ही? रोज रात्री काढा, घासा, पाण्यात ठेवा. आणि हे औषध तोंडात घोळवायचं.”

वरची, खालची, दोन्ही कवळ्या काढून सासूनं सुनेच्या ओंजळीत ठेवल्या, दार सताड उघडलं आणि भरल्या डोळ्यांनी टाहो फोडला, “ऐक रे, दगडा! दात माझे खोटे, सून माझी खरी! माझ्या अब्रूसाठी तिनं माझं पाप पदरात घेतलं. तिला घराबाहेर काढायचं तर आधी तुझ्या या दुष्ट, दांभिक आईला काढ!”

“ओ, पुरे!” माझी गोष्ट ऐकणाऱ्यांतली एक बाई कडाडली. “दोन्ही कवळ्या सुनेच्या हातात, आणि त्या बोळक्यातून एवढं खणखणीत भाषण? माझी आई कवळी काढली की ‘दादा’सुद्धा धड म्हणत नाही. थापाड्या कुठला!”