राजाची उसवलेली पाठ

पहिल्या भेटीत ती त्याच्याशी एक अक्षरही बोलली नाही, कारण तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

नव्या नाटकाचा पहिला प्रयोग तोंडावर आला होता आणि राजाचं काम करणारा नट पाय मुरगळून घरी बसला होता. तिचे मामा दिग्दर्शक. त्यांनी वादकांमधल्या व्हायोलिनवाल्यालाच धरून आणलं. तालमींना वाजवून वाजवून त्याला सगळं नाटक पाठ होतं. आता तो शिवणखोलीत हात पसरून उभा होता आणि दुसऱ्याच्या मापाचा झगा ती त्याच्या रुंद खांद्यांवर कसाबसा बसवत होती.

"रागावलात का माझ्यावर?"

"ऊंहूं."

"मग बोलत का नाही?"

तिनं टाचण्यांकडे बोट दाखवलं. तो खो-खो हसला, खांदे हलले आणि टाचणी रुतली.

"आई गं! …बरोबर आहे. हसायला नको होतं."

प्रयोगात पहिला अंक निभावला. दुसऱ्यात राजा सिंहासनावर टेकला आणि झगा मागून टर्रकन उसवला. सिंहासनाला पाठ नव्हती, मागे नुसता पडदा. ती सुईदोरा घेऊन रांगत पडद्यामागे पोचली आणि फटीतून हात घालून टाके मारू लागली.

"कोण?" ओठ न हलवता राजानं विचारलं.

"मीच. हलू नका."

"अरेच्चा, बोलता की तुम्ही! आवाज गोड आहे."

"प्रधानाकडे लक्ष द्या."

"तो दुष्काळावरून हटतच नाहीये. तुम्ही बोला ना…"

"सुई माझ्या हातात आहे हं."

तिला हसू आवरेना. त्या भरात तिनं शेवटचे टाके घातले, दोरा दातानं तोडला… आणि राजा गर्जत उठला, "फितूर कोण आहे?"

पडद्यातून ती फरफटत बाहेर आली. तिची बाही झग्याला शिवली गेली होती!

विंगेत मामांनी कपाळावर हात मारला. तिला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

राजानं मागे वळून पाहिलं आणि तो जराही न गडबडता म्हणाला, "ही फितूर नव्हे! माझी पाठराखण करणारी ही एकटीच आहे. बोल, काय देऊ? अर्धं राज्य?"

"राज्य नको महाराज," ती शिवलेली बाही दाखवत म्हणाली, "कात्री द्या."

हशा आणि टाळ्यांनी सभागृह दणाणून गेलं.

प्रयोगानंतर मामा धावतच आले. "उद्यापासून हे रोज हवं!" म्हणाले आणि तसेच पाहुण्यांकडे पळाले. विंगेत दोघंच उरली.

"रोज फाडणार झगा?" तिनं विचारलं.

"नाही… म्हणजे, झग्याचं सोडा. मला वेगळंच विचारायचं होतं."

"विचारा की. आता प्रधान नाही, प्रेक्षक नाहीत."

भर रंगमंचावर न डगमगलेला राजा लालबुंद झाला. "मी… तुम्ही… जर…"

"हो," ती म्हणाली.

"अहो, पण मी अजून विचारलंच नाही!"

"सावकाश विचारा. उत्तर कुठे पळून जात नाही."