झिजलेले स्टिअरिंग

पुण्याच्या जुनी मोटार मंडळाची सहल यंदा आष्ट्याजवळच्या एका खासगी संग्रहाला गेली, तेव्हा सभासदांच्या सगळ्या गाड्या ट्रकवर चढवून नेल्या होत्या. स्वयंचलित गाड्यांचा कायदा झाल्यापासून रस्त्यावर हाताने गाडी चालवायला बंदीच होती. पण बंदी नसती तरी या गाड्या ट्रकवरूनच आल्या असत्या. रस्त्यावर धूळ असते, आणि मंडळाला धूळ खपत नसे.

मंडळाचा अध्यक्ष निरंजन परचुरे याची फियाट सर्वांत शेवटी आणि सर्वांत हळू उतरवण्यात आली. ही त्याच्या वडिलांची गाडी. वडील गेल्यावर त्याने ती नव्यासारखी करून घेतली होती, आणि स्पर्धेत परीक्षकांनी तिला पैकीच्या पैकी गुण देऊन ‘निष्कलंक’ असा शेरा मारला होता. गाडी येणार म्हणून त्याची आईही आली होती, लेक मात्र घरीच राहिली होती. उज्ज्वलाताई ऐंशीच्या घरात होत्या, पण फिरायचे म्हटले की पाय दुखत नसत.

संग्रहाच्या मालकीणबाई यास्मिन मुजावर धातुशास्त्रज्ञ. त्यांच्या शेडमधल्या गाड्या बघून सभासदांची तोंडे उतरली. गाद्या फाटलेल्या, पेडल झिजलेली, दारांचा रंग उडालेला.

“निदान पॉलिश तरी करायचं, मॅडम,” एकाने सुचवले.

“केलं तर माझं यंत्र उपाशी मरेल की,” यास्मिन हसून म्हणाल्या. “बसा कुणीतरी या ॲम्बॅसिडरमध्ये. दाखवते.”

उज्ज्वलाताई सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या. यास्मिननी हातातल्या विजेरीएवढे एक यंत्र स्टिअरिंग, गिअर आणि पेडलवरून सावकाश फिरवले. त्याला त्या झीजवाचक म्हणत. माणूस वर्षानुवर्षे ठरावीक जागी हात ठेवतो, ठरावीक बेताने ब्रेक दाबतो, आणि रबरावर, धातूवर केसाहून बारीक अशा त्याच्या खुणा उरतात. झीजवाचक त्या वाचून चालकाची लकब जुळवतो आणि खाली तात्पुरत्या जोडलेल्या मोटरकडून गाडी अगदी तशीच चालवून घेतो.

गाडी शेडमागच्या मैदानात निघाली. चालकाची जागा रिकामी. वळण यायच्या बरेच आधी स्टिअरिंग फिरू लागले, उंचवट्यापाशी तर गाडी जवळजवळ थांबलीच.

“घाबरट होता वाटतं,” उज्ज्वलाताई म्हणाल्या.

“कवठ्याचे डॉक्टर होते. भारी जपून चालवायचे. त्यांची मुलगी येते अधूनमधून. बसते, दोन चकरा मारते आणि जाते.”

उज्ज्वलाताई उतरल्या त्या थेट आपल्या फियाटकडे गेल्या. “आमची वाचता का हो? खड्डा आला की हे डावा हात माझ्यापुढे आडवा धरायचे. तो काही यंत्रात यायचा नाही, कळतंय मला. पण ब्रेक येईल ना यांचा?”

“ब्रेक तर येणारच, काकू.”

निरंजन घाईने मध्ये आला. “आई, जेवायची वेळ झालीय. नंतर बघू.”

“जेवण काय पळून जातंय का?”

यास्मिननी यंत्र फिरवले. पडद्याकडे बघून पुन्हा फिरवले. मग हळूच म्हणाल्या, “चालकच सापडत नाही. फडक्यानं पुसल्याच्या खुणा आहेत नुसत्या. एकाच हाताच्या आणि पुष्कळ.”

सगळ्यांच्या माना निरंजनकडे वळल्या. रविवारची अख्खी सकाळ गाडी पुसण्यात घालवणारा म्हणून तो मंडळात प्रसिद्ध होता.

“स्टिअरिंग बदललंय?” यास्मिननी विचारले.

“हो. मूळ नमुन्याबरहुकूम नवं बसवलंय.”

“पेडल? गिअरचा दांडा? गाद्या?”

“सगळं नवंच,” निरंजन म्हणाला. गाडीचे आधीचे आणि नंतरचे फोटो त्याने मंडळाच्या सभेत मोठ्या अभिमानाने दाखवले होते. अंगठ्याच्या जागी खळगा पडलेले ते जुने स्टिअरिंग बघून सभासद हसले होते, आणि पहिला तोच हसला होता. आता त्याने त्यातला एक फोटो फोनवर काढून यास्मिनपुढे धरला. “यावरून काही करता येईल?”

“नाही हो. यंत्राला वस्तू लागते.”

“जुनं कुठे ठेवलंयस?” आईने विचारले.

“भंगारात दिलं.”

“निदान ते स्टिअरिंग तरी ठेव म्हटलं होतं मी.”

म्हटले होते. आणि तो म्हणाला होता, ‘आई, तुला यातलं काही कळत नाही.’ ते आठवले आणि त्याने फोन खिशात टाकला. कुठे तोंड लपवावे हे त्याला कळेना. सभासद मात्र आता त्याच्याकडे बघत नव्हते. जो तो आपापल्या चकचकीत गाडीकडे बघत होता, आणि त्यानंतर एकानेही आपली गाडी वाचायला दिली नाही.

उज्ज्वलाताई डावीकडचे दार उघडून आत बसल्या. “ये. ते नाहीत तर नाहीत. तू चालव. इथे मैदानात कोण अडवणार आहे आपल्याला?”

निरंजन चालकाच्या जागी बसला. किल्लीकडे गेलेला हात मध्येच थांबला. या गाडीचा नट न् नट त्याला पाठ होता, तिच्यावर तो तासभर भाषण देऊ शकला असता. पण वडील शिकवतो म्हणाले तेव्हा त्याला सवड नव्हती, आणि पुढे गाड्या आपल्या आपण चालू लागल्या.

“मला चालवता येत नाही, आई,” तो मान खाली घालून म्हणाला.

आई रागावली असती तर बरे झाले असते. तिने कोऱ्या स्टिअरिंगवरून एकदा बोट फिरवले आणि अगदी साधेपणाने विचारले, “मग उद्या तुझ्या लेकीने हे यंत्र लावलं, तर तिला यात कोण सापडायचं रे?”