कंबरभर पाणी

अंधारी नदीच्या डोहाशी एक अनोळखी तरुण अर्धा मग पाणी घेऊन हात-तोंड धूत होता. एक चूळ, मग कोपरापर्यंत हात, मग पाय... अगदी हिशेबाने. काठावर घागर घेऊन उभ्या ललिताला हसू आवरेना.

"एवढा मोठा डोह समोर... अन् घोटभर पाण्यात आंघोळ?"

तो दचकला. भुवईवरून एक थेंब ओघळला आणि गालावर थांबला.

"नमाजाआधीची वजू करून राह्यलो. वाहत्या नदीवर बसलं तरी पाणी वाया घालवाचं नाई, असं पैगंबरसाहेबांनी सांगितलं हाय. अब्बानं शिकवलं."

हा नौशाद. मूल या तालुक्याच्या गावच्या इंजिनदुरुस्तीच्या दुकानातला. ललिताच्या बाबांचं, लटारूभाऊंचं नदीतून शेताला पाणी ओढणारं डिझेल इंजिन बंद पडलं होतं, ते बघायला आलेला.

ललिता पुढे झाली. पाण्यात पाय घालण्याआधी वाकली, बोटं भिजवून डोळ्यांना लावली.

"हे काऊन?" त्याने विचारलं.

"पाय लावतो ना आपण तिले. आधी माफी मागा लागते. माय हाय ते."

"आमच्यात माय नाई म्हणत," तो हळूच म्हणाला. "अमानत म्हणतात, खुदाची ठेव. आपण नुसते रखवालदार."

"रखवालदार म्हंजे परका!"

"दुसऱ्याचं हाय म्हणूनच जास्त जपा लागते... नाई का?"

तिने घागर पाण्यात बुडवली. गाल मात्र उगाच तापले.

त्यानंतर इंजिनाचं काही ना काही निघतच राहिलं. कधी पट्टा, कधी नळी. एकदा तर काहीच बिघडलेलं नव्हतं. "आवाज ऐकाले आलो," म्हणाला, आणि बघत राहिला तिच्याकडे!

मे महिन्यात वरची धार तुटली. डोह आक्रसला. संध्याकाळी पाण्यावर चितळं यायची, ती आता चिखलातून वाट काढत यायची.

"पाइप पार तळाले सोड," लटारूभाऊ म्हणाले. "वांगी जळून राह्यली."

नौशाद पान्हा घेऊन तसाच उभा राहिला. "भाऊ, तळ उपसला तं मासोळ्या मरतीन. चितळं कुठी जातीन?"

"तू इंजिन पाह्य! नदी आमची हाय."

"बाबा," ललिता मध्येच बोलली. "माय म्हणता ना तिले? मंग तिच्या घरात घोटभर बी ठेवाचं नाई?"

लटारूभाऊ बांधावर जाऊन बसले. नौशादने इंजिनाला हात लावला नाही, आणि तो गेलाही नाही. शेवटी लटारूभाऊंनीच विचारलं, "किती ठेवाचं?"

नौशाद पाण्यात उतरला. बांबू रोवून त्याने पाइपाचं तोंड तळापासून कंबरभर उंचीवर बांधलं. पाणी तिथवर उतरलं की इंजिन हवा ओढून बंद.

वांग्याच्या सहा ओळी गेल्या. लटारूभाऊ नौशादशी बोलेनासे झाले. पण पाणी राहिलं.

नौशादही यायचा थांबला. नवव्या दिवशी ललिता बस पकडून मूलला, त्याच्या दुकानात गेली.

"इंजिन बिघडलं?"

"इंजिन चांगलं हाय..." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू काऊन नाई आला?"

तो तेलकट हात पुसत राहिला. "आणखी एकदा आलो असतो, तं बोलून टाकलं असतं. अन् मंग तुह्या घरी—"

"मंग बोल ना आता."

"...तुह्याबिगर करमत नाई, ललिता."

ती हसली, आणि हसताना डोळे भरले. "मी बाबाले सांगून आली."

त्याचे हात थांबले. "काय म्हणाले?"

"म्हणे, पोरगा माह्या तोंडावर नाई म्हणाला, पण काम सोडून नाई गेला. लोक बोलतीन, तुही माय रडन... पण आधी त्याले जेवाले बोलाव."

"थांब," नौशाद म्हणाला. "अब्बाले आत्ताच सांगतो." आणि तो दुकानामागच्या घरात गेला.

ललिता बाकावर बसून राहिली. ऊन पायापर्यंत आलं. आतलं बोलणं नीट कळत नव्हतं. तिला वाटलं, उठावं, निघून जावं...

तेवढ्यात आतून अब्बांचा म्हातारा, खरबरीत आवाज आला —

"तो उसको धूप में काय को बिठाया? अंदर बुला!"